एकाहत्तर नंबर

“एकाहत्तर, पट्टा कुठंय?”

मागच्या बाकावरच्या बाई दचकल्या. त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा घाईघाईनं गळ्यात अडकवला आणि वर्गात खसखस पिकली.

“आधी पट्टा, मग कॅमेरा,” सर म्हणाले. “सहा आठवडे घसा कोरडा करतोय मी. हातातून सुटला तर काय कराल?”

नवशिक्यांच्या या वर्गात सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना कॅमेरा उलटा धरायला लावला होता. बुडाशी बारीक अक्षरात असलेला नंबर प्रत्येकानं मोठ्यानं वाचायचा आणि सरांनी तो हजेरीच्या वहीत उतरवायचा. “चोरीला गेला तर हाच नंबर चोराला पकडून देतो,” ते म्हणाले होते. शेवटचे दोन आकडे हेच मग ज्याचं त्याचं नाव. बँकेतला कॅशियर बत्तीस, दाताची डॉक्टरीण अठ्ठ्याऐंशी. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं होतं, “सहा शून्य तीन, नऊ चार, सात एक.”

“जुनं मॉडेल आहे, पण दणकट,” सर म्हणाले होते. “आमच्या स्टुडिओतही हेच होते. कुठून आणलात?”

“घरात पडून होता. म्हटलं, पडून राहण्यापेक्षा शिकावं.”

एकाहत्तरला सगळंच सावकाश कळायचं. बाई बॅटरी उलटी घालायच्या, झाकण न काढताच फोटो काळा का आला म्हणून विचारायच्या. प्रश्न तर ढीगभर. एक बॅटरी का पुरत नाही? एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान का बरी? भिंगावर फुंकर का मारायची नाही?

“थुंकी उडते, बाई! रबरी फुगा घ्या, मऊ कापड घ्या. आणि बाहीनं पुसायचं तर मनातही आणू नका.”

“आणि कार्ड भरलं की?”

“कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. पाटी कोरी. आधीचं काही म्हणजे काही मागे राहत नाही.”

“मग फोटो कुणी काढला, ते कसं कळतं?”

“आपलं नाव कॅमेऱ्यात भरून ठेवायचं. फोटोच्या पोटात ते आपोआप जातं. विसरलात तर नंतर कॉम्प्युटरवर टाका, दोन मिनिटांचं काम.”

बाईंनी तेही लिहून घेतलं होतं.

आज शेवटचा वर्ग होता आणि सरांचं लक्ष दाराकडे होतं. छायाचित्रकार मंडळाचे सचिव येणार होते. भिंतीवर सरांचा बक्षीसवाला फोटो लावलेला होता. उंच इमारतीच्या काचा पुसणारा एक माणूस दोरीला लटकलाय आणि पुसलेल्या काचेत बघून भांग पाडतोय. बघणाऱ्याच्या तोंडावर हसू यायचंच.

या फोटोनं सरांना नाव दिलं, आणि एक वैरीणही. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या एका पोरीनं भर सभेत उभं राहून सांगितलं, हा फोटो माझा आहे. पुरावा काय, तर शून्य. तिच्या कार्डावरही काही सापडलं नाही. मंडळानं तिला काढून टाकलं.

सरांचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यांनी डूख धरला. शहरातल्या एकेका स्टुडिओला फोन करून त्यांनी बजावलं, पोरगी खोटारडी आहे, दारात उभी करू नका. तिला कुठंच काम मिळेना. तिनं धंदाच सोडला असं कानावर आलं, त्या दिवशी सर दोन घास जास्त जेवले. आणि आता मंडळाच्या अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पुढं येताच मंडळाला पुन्हा तिचं पत्र आलं होतं. मूळ फाइल उघडून बघा, एवढंच.

“उघडूच,” सरांनी सचिवांना फोनवर सांगितलं होतं. “माझ्या वर्गासमोर उघडू. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.”

सचिव आले. सरांनी पडदा सोडला, खिडक्या लावल्या आणि फाइल उघडली. फोटोशेजारी त्याची सगळी माहिती आली. तारीख, वेळ आणि त्याखाली सरांचं पूर्ण नाव.

“घ्या,” सर म्हणाले. “आता बोला.”

सचिवांनी मान डोलावली. “माझं समाधान झालं. तिला तसं कळवतो.”

“नुसतं कळवू नका, छापा. मासिकात, तिचं नाव घालून. पुन्हा तोंड वर करता कामा नये.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. चार वर्षांचा वचपा निघाला होता. सरांना अगदी हलकं वाटलं.

“सर,” मागून एकाहत्तरनं हात वर केला. “खाली अजून काहीतरी लिहिलेलं दिसतंय.”

सगळे हसले. सरही हसले. आज त्यांना या बाईंचासुद्धा राग येत नव्हता. “दाखवतो, दाखवतो. शेवटच्या दिवशी तुमची हौस कशाला राहू द्यायची?”

त्यांनी माहिती खाली सरकवली. भिंग, उजेड, वेग. एवढ्या खालपर्यंत त्यांनी स्वतःही कधी पाहिलं नव्हतं. अगदी तळाशी कॅमेऱ्याचा नंबर होता. सरांनी तो सवयीनं, हजेरी घ्यावी तसा मोठ्यानं वाचला.

“सहा शून्य तीन, नऊ चार, सात एक.”

बाई उठल्या. गळ्यातला पट्टा काढून त्यांनी कॅमेरा सचिवांच्या पुढ्यात उलटा ठेवला.

“हजर,” त्या म्हणाल्या. “लेकीच्या वतीनं.”