वाढलेलं ताट

जिन्याची वाट टेबलानं अडवली होती. इस्पितळातली रात्रपाळी संपवून सिस्टर गल्लीत शिरली, तेव्हा तिला आधी वाटलं, झोपेत आपण भलत्याच गल्लीत आलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलांची एकच रांग, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी, खिडकीपासून खिडकीपर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांना कागदाची फुलं. पातेल्यांची वाफ एवढी, की पलीकडची माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसत होती. बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाला जग तसंही तरंगतंच दिसतं.

कसलातरी सण होता. कसला, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तीन महिने ती या गल्लीत राहत होती आणि तीन महिन्यांत गल्लीनं तिला एकच गोष्ट विचारली होती, नवरा कुठे असतो. नवरा नव्हता. मग विचारणंही संपलं. एकटी बाई, त्यात रात्री बाहेर, म्हणून चार घरमालकांनी तोंडावर दार लावल्यावर तिला ही वरची खोली मिळाली होती. दिली खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं. म्हातारीच्या सुनेला ती खोली आपल्या भावासाठी हवी होती, आणि हे ती रोज जिन्याखाली भांडी आपटून सांगायची.

आता सगळी गल्ली आपापल्या टेबलांपाशी उभी होती, डोळे मिटून, माना खाली घालून. म्हातारी, तिचा मुलगा, सून, बाजूचा किराणावाला, सगळ्यांच्या पुढ्यात ताटं कोरी. फक्त जिन्याला लागून जी खुर्ची होती, तिच्यापुढचं ताट वाढलेलं होतं. भात, पिवळं दाट कालवण, सालासकट भाजलेला भोपळा. खुर्चीवर नवी उशी.

माझ्यासाठी, तिला वाटलं. इतकं साधं. म्हणजे यांनी माझी यायची वेळ लक्षात ठेवली.

ती बसली आणि जेवायला लागली.

तीन महिने जिन्यातून वर येणारा वास आज तिच्या तोंडात होता. कालवणाचा आंबटपणा चिंचेचा नव्हता, लिंबाचाही नव्हता. कशाचा ते कळेना, पण जीभ त्याच्या मागे मागे धावत होती. भोपळ्याची करपलेली कड गोड लागली. आत कुठलंतरी बी दाताखाली फुटलं आणि तिच्या कानापर्यंत ऊब गेली. डोळे आपोआप मिटले. गल्ली, फुलं, वाफ, सगळं लांब गेलं आणि घासाची चव तेवढी उरली.

डोळे उघडले तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते.

काय झालं ते सुनेनं सांगितलं, दातओठ खात. ते ताट सासऱ्यांचं. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. आजच्या दिवशी गेलेल्या माणसाला आधी वाढतात, त्याला कोणी बोट लावत नाही, आणि ऊन उतरलं की ते झाडाखाली पुरतात. लहान पोरांनाही हे कळतं.

“मावशी, यंदा काका पांढऱ्या कपड्यांत आले,” किराणावाला म्हातारीला म्हणाला. दोघंतिघं फिस्सकन हसली.

“उठा,” सून म्हणाली. “आणि खोलीही रिकामी करा. आजच.”

सिस्टरच्या तोंडात घास होता. थुंकावा तर अन्नाचा अपमान, गिळावा तर मेलेल्याचा. तिनं गिळला. तिनं कालवणानं माखलेल्या बोटांकडे बघितलं. याच बोटांनी पहाटे एका पेशंटचे डोळे मिटले होते. तिनं खुर्ची मागे सारली. आज उठलं तर कुठे पाठ टेकायची, हे तिला ठाऊक नव्हतं.

“मला वाटलं, माझ्यासाठी वाढलंय, मावशी.”

कोणी चादरीची सुरकुती काढायला लागलं, कोणी चपलेकडे बघायला लागलं.

म्हातारी टेबलाला वळसा घालून आली. ती सिस्टरकडे बघत नव्हती, ताटाकडे बघत होती. भोपळा संपला होता, सालं एका कडेला नीट ठेवलेली. भात अर्धा झाला होता. कालवणात बोटं फिरल्याच्या रेघा होत्या. त्या रेघांकडे ती फार वेळ बघत राहिली. मग तिनं सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून तिला परत खाली बसवलं.

“अहो आई, बाबांचं ताट आहे ते,” सून म्हणाली.

“तीन वर्षं वाढतेय मी. तीन वर्षं जसंच्या तसं उचलतेय.” म्हातारी वाकली. आपल्या माणसाला घरात विचारावं तसं हळूच तिनं सिस्टरला विचारलं, “मीठ कसं झालंय गं?”

छान झालंय म्हणायचं असतं, हे सिस्टरला माहीत होतं. खोली त्या एका शब्दावर होती.

“कमी आहे.”

सुनेनं कपाळाला हात लावला. म्हातारीनं चिमूट भरून मीठ घेतलं, भातावर भुरभुरवलं, वर पळीभर कालवण ओतलं आणि तिथेच उभी राहिली. वयानं गल्लीत सगळ्यात थोरली तीच; ती बसल्याशिवाय कोणाला बसता येत नव्हतं. पातेल्यांवरची वाफ विरत गेली. पार टोकापर्यंत माणसं कोऱ्या ताटांसमोर उपाशी उभी होती, आणि सिस्टर सावकाश, एकेक शीत वेचत जेवत होती.