तळहातावरचा थेंब

टर्बोनं जोर धरला की माझ्या गाडीचं इंजिन टकटक करायचं. पेट्रोलात टोल्युईन घातलं की ऑक्टेन वाढतो नि टकटक थांबते असं वाचून मी भनपुरीच्या केमिकलच्या दुकानातून बाटलीभर आणलं. पण ते असली की थिनर मिसळलेलं, हे सांगणार कोण? बाबा! तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात ते वासावरूनच सॉल्व्हंट पास करायचे. त्यांनी डोळे मिटून बाटली हुंगली. "एकदम असली. टाक बिनधास्त, देवश्री." मग थेंब तळहातावर घेतला. "पाहजो, फुंकलं का उडते." त्यांनी दोनदा फुंकलं, तरी थेंब तसाच. "काहून उडून नाही राहिलं?" मी बाटली निरखली. टोल्युईनची डिक्कीतच राहिली होती. ही वायपरच्या पाण्याची. "बाबा, ये तो पानी है." ते थेंबाकडे पाहत राहिले. "आईले सांगू नको," हळूच म्हणाले, "रोज जेवताना म्हणतो ना मी, काय वास सुटला!"