संध्याकाळचा ताप

माझी बायको हौसा गेली त्या दिवशी, दिवेलागणीला, डॉक्टर पहिल्यांदाच आमच्या घरी आले. एरवी गावचा दवाखाना सकाळी उघडतो आणि दुपारी बंद होतो.

हौसाला ताप चढायचा उन्हं कलल्यावर. पहाटे घाम येऊन उतरायचा. मग ती अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून दवाखान्यात जायची.

"मावशी, तुमच्यापेक्षा मीच आजारी दिसतोय," थर्मामीटर बघून डॉक्टर म्हणायचे.

"मग पडा बाकावर, मी तपासते," ती म्हणायची.

ताप संध्याकाळी येतो, असं मी सांगितलं. "मग ताप असेल तेव्हाच आणा," ते म्हणाले. त्या वेळेला दाराला कुलूप असायचं.

ती गेली त्या संध्याकाळी त्यांनी तिची नाडी बघितली, मग कपाळाला हात लावला.

"अंग अजून गरम आहे. ताप होता?"

"रोज असतो या वेळेला."

ते खाली बसले. "संध्याकाळी सगळ्यांचंच अंग थोडं तापतं, मामा. आत जंतू असले की ताप बऱ्याचदा तेव्हाच चढतो."

"मग संध्याकाळी उघडा की."

"जिल्ह्याला लिहितो," ते म्हणाले.

आता सुनेचं अंगही दिवे लागल्यावर तापतं. जिल्ह्याहून अजून उत्तर आलेलं नाही.