दोघांत एक पिशवी

“पिशवी आणली असेल तर सामान भरते. नसेल तर हातात घेऊन जा,” दुकानवाल्या काकू म्हणाल्या.

सासऱ्यांनी मागे वळून दारावरची पाटी वाचली. एक तारखेपासून प्लास्टिकच्या पिशव्या बंद. चाळीस वर्षं त्यांनी बस चालवली, रस्त्यावरची एक पाटी कधी चुकवली नाही. आणि आज बटाट्यांनी गाठलं. कोटाच्या खिशांत बटाटे कोंबून ते निघाले.

“आणि हो, अंडी सकाळीच गेलीत तुमच्या घरी,” काकू मागून ओरडल्या. “एकमेकांना विचारत जा हो. किती दिवस मी निरोप्याचं काम करू?”

घरात माणसं दोनच, सासरे आणि जावई. त्यांना जोडणारी जी होती, तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती गेली त्या दिवशी सासरे जावयाला म्हणाले होते, “दुखणं इतके दिवस तिला अंगावर काढू कसं दिलंस?” त्यानंतर घरात बोलणं असं उरलंच नाही. फ्रिजचे कप्पे वाटले गेले. चहा एकाचा सातला, दुसऱ्याचा साडेसातला. जावई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि सासऱ्यांच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती.

घरी येऊन सासऱ्यांनी कपाट उपसलं. वरच्या फळीवर एकच धड पिशवी निघाली. जाड निळ्या कापडाची, आतून खिसा असलेली. लेकीची. क्षणभर ती पुन्हा आत ठेवावी असं त्यांना वाटलं. मग त्यांनी ती दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. सकाळी ती जावई नेऊ लागला, संध्याकाळी सासरे. दोघांत एक.

तिसऱ्या दिवशी दुकानात सुटे पैसे ठेवायला त्यांनी आतल्या खिशात हात घातला, तर बोटांना कागद लागला. चार घड्या घातलेला. घरी येऊन, चष्मा सावरत, त्यांनी तो उलगडला. अक्षर गिचमिड होतं, उभ्या उभ्या लिहिल्यासारखं.

‘खोकला अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा.’

सासरे तडकले. पाच पावलांवर खोली, तोंडात जीभ, आणि हा पत्रव्यवहार करतोय! त्यात शब्द कोणते, तर अंगावर काढू नका. आपलेच शब्द आपल्या पदरात घालतो काय?

ते खुर्चीत बसले. खोकल्याची उबळ आली, गेली. कागद त्यांनी पुन्हा वाचला, मग आणखी एकदा. टोमणा मारायचा असता तर डॉक्टरांचं कशाला लिहिलं असतं?

त्यांनी कागद उलटा केला आणि मागे लिहिलं, ‘दाखवतो. तूही वेळेवर जेवत जा.’ घड्या घालून तो पुन्हा पिशवीच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई दुकानातून आला आणि पिशवी हातात धरून दारातच उभा राहिला. बराच वेळ. सासरे वर्तमानपत्राआडून पाहत होते. कामाला उशीर होईल, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी नुसतं पान उलटलं.

संध्याकाळी पिशवीत नवा कागद होता. ‘जेवतो. शनिवारी मला सुट्टी आहे. डॉक्टरांकडे सोबत येतो.’ या वेळी अक्षर वळणदार होतं. टेबलाशी बसून लिहिलेलं दिसत होतं.

शनिवारी दवाखान्यात दोघं मध्ये एक खुर्ची सोडून बसले. डॉक्टरांनी औषध दिलं. पुढच्या आठवड्यात पिशवीत कागदाऐवजी चष्म्याचं पाकीट आलं. आत सासऱ्यांचा आदल्या दिवसापासून न सापडणारा चष्मा, दांडी नवी बसवलेली. सासऱ्यांनी लिहिलं, ‘नाकाला चावत नाही. बरा झालाय.’ मग हे रोजचंच झालं. ‘नळ गळतोय.’ ‘बसवला.’ ‘संत्री आंबट निघाली.’ ‘तुम्ही दाबून बघत नाही.’ ‘बघतो. काकू ओरडतात.’ सासरे आता संध्याकाळची वाट पाहू लागले. संध्याकाळपर्यंत धीर धरवला नाही, तर दुपारीच दुकानात जाऊ लागले.

अशाच एका दुपारी कागद मिळाला. ‘कामाजवळ खोली मिळाली आहे. महिनाअखेर जातो. औषधं खालच्या कप्प्यात वेळेप्रमाणे लावून ठेवली आहेत.’

सासऱ्यांनी उत्तर लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. चौथ्या वेळी पेन ठेवून दिलं.

जावई कामावरून आला, हातपाय धुऊन भांडी घासायला लागला. सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“कुठे जाणार आहेस?”

जावयाच्या हातातली ताटली सुटली, टबात पडली.

“तुम्हाला त्रास नको म्हणून,” तो पाठमोराच म्हणाला.

“त्रास तू गेल्यावर होईल. नळ कोण बसवेल? संत्र्यांवरून कोणाची बोलणी खाऊ?” सासऱ्यांचा आवाज चिरकला. “त्या दिवशी मी बोललो ना, तेव्हा राग कोणावर तरी काढायचा होता मला. तू समोर होतास. तुझा काही दोष नव्हता.”

नळाचं पाणी वाहत राहिलं. जावयाने तो बंद केला. खांदे हलले, तसे त्याने ओल्याच हातांनी डोळे पुसले.

“जाऊ नकोस,” सासरे म्हणाले.

“नाही जात.”

सासऱ्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

“वयाने मोठा मी,” ते म्हणाले. “पण मला जमलं नाही. पहिली चिठ्ठी तू टाकलीस, म्हणून आज आपण बोलतोय.”

जावई वळला.

“ती माझी नव्हती, बाबा. पिशवीच्या खिशात ती दीड वर्षं तशीच राहून गेली होती,” तो म्हणाला. “तुम्ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात खोकत बसला होतात, तेव्हा तिनं ती लिहून माझ्या हातात दिली होती. तुम्हाला द्यायला.”