घटलेला वापर

जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग केलेल्या काकांनी स्वतःच्या गच्चीवरचे सोलर पॅनल स्वतःच बसवले. ते वीजलाइनला जोडायच्या परवानगीसाठी मात्र वर्षभर चपला झिजवल्या. कधी नकाशा कमी पडे, कधी शिक्का.

शेवटी एकदाच्या वीज कंपनीच्या इंजिनिअरबाई तपासणीला आल्या. त्यांनी अर्थिंग पाहिलं, एकेक जोडणी ओढून बघितली.

"काका, काम चोख आहे. पण मंजुरी वापर बघून मिळते. अर्ज केलात तेव्हा तुमचा वापर भरपूर होता, आता त्याचा पाव हिस्साही नाही. एवढे पॅनल नियमात बसत नाहीत. घरात असं काय बंद केलंत?"

काकांनी हातातला टेस्टर पुसून खिशात ठेवला.


"ऑक्सिजनचं मशीन," ते म्हणाले. "बायको होती तोवर रात्रंदिवस चालायचं."