कणकेची गोळी

एअर फ्रायरची घंटा वाजली तेव्हा सरिता ओट्याला टेकून उभी होती. शेंद्र्याच्या कंपनीत, प्रयोगशाळेत, सगळी पाळी उभ्यानंच जाते. घरी येऊन एकदा बसलं की पुन्हा उठवत नाही, म्हणून ती बसलीच नव्हती.

तिनं जाळीचं भांडं ओढून काढलं. मोठ्याच्या, म्हणजे म्हशीच्या मटणाच्या पातळ पट्ट्या कडेनं काळपट, चकचकीत झाल्या होत्या. आलं, लसूण, गूळ, तीळ आणि गहू नसलेला सोया सॉस. गाड्यावरच्या चायनीजचा वास बऱ्यापैकी जमला होता.

"मम्मी, झालं?" बाहेरून तनुजानं विचारलं. जुन्या पार्सलमधल्या दोन काड्या ती ताटावर वाजवत होती.

पोर आठवडाभर पेजेवर होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाल्ला, तेवढंच निमित्त. गव्हाचं काहीही, कणभर का होईना, पोटात गेलं की तिचं आतडं आतून सोलवटतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. आज सकाळी तिनं पहिल्यांदाच तोंडानं काहीतरी मागितलं होतं. चायनीज. गाड्यावर मिळतं तसं.

सरितानं एक पट्टी फुंकर मारून तोंडात टाकली. मऊ होती. मीठ बरोबर होतं.

ती चावता चावता थांबली. मीठ बरोबर असायला नको होतं. सकाळच्या घाईत मटण मुरवत ठेवताना सॉसही जास्त पडला होता आणि वरून मीठही. ते तिला कंपनीच्या बसमध्ये, केंब्रिज चौक मागे पडल्यावर आठवलं होतं. भात जास्त वाढायचा, असं तिनं तिथंच ठरवून टाकलं होतं.

"आत्याबाई," दाराशी बसून लसूण सोलणाऱ्या सासूला तिनं विचारलं, "मटणाला काही केलं का तुम्ही?"

मालनबाईचा चेहरा खुलला. "लई खारट झालं होतं की गं ते. बोट लावून बघितलं म्या. पोरीची जीभ सोलली असती. कणकेची गोळी सोडली त्याच्यात, मीठ वढून घेती ती. आन् तू यायच्या आधी काढून बी टाकली. ध्यानात हाय माझ्या, तिला गहू नाय चालत."

सरितानं कचऱ्याचा डबा उघडला. लसणाच्या सालांवर गोळी पडली होती. तपकिरी, फुगलेली. तिच्या कडा विरघळून गेल्या होत्या.

"काढली ना पण म्या," मालनबाई मागून म्हणाली. या वेळी हळू.

बाहेर काड्यांचा आवाज थांबला होता.

"आत्याबाई, किती वेळा सांगायचं?" सरितानं डब्याचं झाकण लावलं. "तुमच्या हाताचं तिला चालत नाही."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग तिला ऐकू आलं.

मालनबाई सोललेल्या लसणाकडं बघत राहिली. पाकळ्या तिनं एकेक करून वाटीत टाकल्या.

"गावात लई घरी ऐकलं हे," ती म्हणाली. "वरून पाणी वततानी म्हणायचे. पण त्यांच्या पोरांचं पोट नव्हतं दुखत." तिनं सालं गोळा केली. "हिचं खरंच दुखतं."

सरितानं शिजलेल्या पट्ट्या ताटलीत काढल्या आणि झाकून फ्रिजवर ठेवल्या. नवरा, संघपाल, आला की खाईल. जाळीचं भांडं नळाखाली धरलं. भोकाभोकांतून ब्रश फिरवला, पुसलं, उजेडात धरलं आणि पुन्हा एकदा धुतलं. फ्रीजरमधून उरलेल्या मटणाची पिशवी काढून कोमट पाण्यात टाकली.

"मम्मी, भूक लागलीय गं." आवाजात रडू होतं. आठवड्यात पहिल्यांदा ती हे म्हणत होती.

"आलंच, बाळा."

मटण सुटं झालं. सरितानं कोरी परात घेतली, पट्ट्या कापल्या, सॉस ओतला. मग सुरी ठेवून ती बाजूला झाली.

"आत्याबाई, तुम्ही लावा. माझे हात भरून आलेत."

मालनबाई उठली. साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, नखं घासली. ओले हात तिनं सरितासमोर उघडे धरले.

"बघ बरं. ऱ्हायलंय का काही?"

"नाही," सरिता म्हणाली. ते डोळ्यांनी दिसत नसतं, हे तिनं सांगितलं नाही. पण नखांकडं तिनं नीट बघून घेतलं होतं.

मालनबाईनं आलं-लसूण घातलं, गूळ घातला. मग आयुष्यभराच्या सवयीनं मिठाच्या बरणीत हात घालून चिमूट घेतली. चिमूट चांगली मोठी होती. सॉसच खारट असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सरितानं ते पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मीठ मटणावर पडलं.

घंटा पुन्हा वाजली. या वेळी ताट मालनबाईनंच बाहेर नेलं. तनुजानं काड्यांनी एक पट्टी उचलली, ती निसटली, तेव्हा हातानंच तोंडात टाकली. दोन्ही बायका दाराशी उभ्या होत्या.

"आजी," घास गिळून ती म्हणाली, "लई खारट झालंय."

मालनबाईची नजर आत, मांडणीवरच्या कणकेच्या डब्याकडं गेली. तिथून ती स्वतःच्या हातांकडं आली. हात तिनं पदरात गुंडाळले.

"आसू दे खारट," ती म्हणाली. "भात जास्त घे."