साक्षीदाराची सही

दिवस भरायच्या आधी कळा येऊ नयेत म्हणून गरोदर बायकांना द्यायच्या नव्या औषधाची पालघरच्या एका दवाखान्यात चाचणी सुरू होती. बोईसरहून आलेल्या रूपालीने संमतीचा फॉर्म तिसऱ्यांदा वाचला आणि सही न करताच पर्समध्ये ठेवला. पोटातल्या जिवाचा प्रश्न होता.

तेवढ्यात नर्स आली. "मॅडम, शिकलेल्या दिसताय. या लाडकीला वाचता येत नाही. जरा वाचून दाखवा आणि साक्षीदार म्हणून सही करा. तसा नियमच आहे."

शेजारच्या बाकावर सातव्या महिन्यातली लाडकी बसली होती, पाड्यावरून आलेली. रूपालीने सगळी पानं वाचून दाखवली. बाळाला काय काय त्रास होऊ शकतो, त्या ओळीही तिने गाळल्या नाहीत.

नर्सने लाडकीचा अंगठा स्टॅम्पपॅडवर दाबला. "हं, टेकव इथे. रांग वाढतेय."

लाडकीने अंगठा कागदाच्या वरच धरला. "ताई, तुमाला पन दिवस हायत ना? तुमी केली सही?"

"नाही गं. मी अजून विचार करतेय."

लाडकीने अंगठा पदराला पुसला.

"मंग मला पन करू द्या ना इचार."